अण्णांचे मुके स्पीकर

दातांच्या दवाखान्यात सगळ्यात भीतीची गोष्ट कोणती, असं विचारलं तर कोणी सुई म्हणेल, कोणी चिमटा. अण्णांचं मत वेगळं होतं. ते म्हणायचे, सुई टोचते ती खुर्चीतल्या एकालाच. किडका दात कोरणाऱ्या त्या मशीनचा आवाज मात्र बाहेर बाकावर बसलेल्या प्रत्येकाला टोचतो, आणि तोही फुकट.

अण्णांना आवाजातलं कळायचं. सगळी नोकरी त्यांनी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात काढली होती. पंप नुसता खोकला तरी कुठला नट ढिला झालाय ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर ते सुनेच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसू लागले. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, रडणाऱ्याला पाणी द्यायचे. घरी ते सुनेला "अगं" म्हणत. दवाखान्याच्या पायरीवर पाऊल पडलं की "डॉक्टर" आणि "तुम्ही".

बाहेरची खोली आणि आतली खोली यांच्यामध्ये पातळ पार्टिशन होतं. आत चिमटा ताटलीत ठेवला तरी बाहेर खण्ण ऐकू यायचं. त्यावर उपाय म्हणून अण्णांनी स्वतःच्या हातांनी दोन स्पीकर बनवले होते. जाड लाकडाच्या पेट्या, पुढे काळी जाळी, एकीच्या पाठीला आवाजाचं गोल बटण. टेबलावरच्या कंप्युटरमधून त्यांत बासरी वाजायची. मंद, लांबट, मधून मधून झऱ्याचं पाणी खळखळणारी. उघडल्यापासून बंद होईपर्यंत तीच. त्या बासरीखाली मशीनचा आवाज झाकला जायचा आणि पेशंट निदान जागचे हलायचे नाहीत.

मग जुन्या कंप्युटरने मान टाकली. मुलाने, म्हणजे डॉक्टरांच्या नवऱ्याने, नवा आणला. वायरी जोडल्या, एक्स-रे केवढे मोठे दिसतात ते सगळ्यांना कौतुकाने दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कामासाठी परगावी निघून गेला.

त्या सकाळी अण्णांनी टेबल पुसलं आणि बासरी लावली. पडद्यावर बासरी वाजत असल्याची रेघ इमानदारीने पुढे सरकू लागली. स्पीकर ढिम्म.

अण्णांनी बटण फिरवलं. अर्ध्यावर नेलं, पूर्ण नेलं. काही नाही. एका पेटीवर थाप मारली, मग दुसरीला वाईट वाटू नये म्हणून तिच्यावरही मारली. काही नाही. पेटीवरचा लाल दिवा लागलेला होता, म्हणजे वीज येत होती. त्यांनी जाळीला कान लावला. आत अगदी बारीक सूंऽऽ ऐकू आलं.

"जिवंत आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "बोलत नाहीत एवढंच."

त्यांनी मुलाला फोन लावला. मुलगा घाईत होता.

"बंद करून चालू करा, अण्णा."

"केलं."

"मग परत करा."

"अरे, पंपघरात मी असं सांगितलं असतं तर गावाने मला धुतलं असतं!"

पलीकडे गाडीचा आवाज आला आणि फोन कटला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कोणाला?

तोवर लोक येऊन बाकावर बसले होते. पहिल्या होत्या लायब्ररीवाल्या बाई. गावच्या वाचनालयात गेली कित्येक वर्षं त्या लोकांना गप्प बसवत आल्या होत्या. नुसती भुवई वर केली तरी वर्तमानपत्राची पानं आवाज न करता उलटायची. त्यांची अक्कलदाढ काढायची होती. शेजारी विमावाले बसले होते. त्यांच्या पुढच्या दाताची टोपी आदल्या दिवशी जेवताना निघाली होती, त्यामुळे तोंडात 'स' आला की शिट्टी वाजायची. दुसरा कोणी चार दिवस कमी बोलला असता. विमावाल्यांना ते जमण्यातलं नव्हतं. आणि कोपऱ्यात, दोघांची जागा एकट्याने अडवून, बंदरावरचा क्रेनवाला बसला होता. उंच केबिनमध्ये बसून तो लोखंडाचे डबेच्या डबे उचलायचा. आता त्याचा गाल सुजला होता आणि नजर दारावर होती.

लायब्ररीवाल्या बाईंना डॉक्टरांनी आत घेतलं. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं. झीऽऽऽं. पार्टिशन असून नसल्यासारखं.

क्रेनवाला उठून उभा राहिला. "मी नंतर येतो."

"बसा हो," अण्णा म्हणाले. "आत्ता बासरी लावतो."

"आज बासरी नाही का? मला बायकोने सांगितलं होतं, बासरी असते म्हणून. बासरी आहे म्हणूनच आलो मी."

अण्णांच्या वर्मी लागलं. आजवर पेशंट डॉक्टरांचा हात हलका म्हणून येतात असा त्यांचा समज होता. निदान एकजण आपल्या खात्यासाठी आला होता आणि नेमकं आजच दुकान बंद! ते धोतर सावरावं तसे बाह्या सरसावून टेबलाखाली शिरले.

"स्पीकरची पिन कुठे घातलीय?" विमावाले बाकावरून म्हणाले. 'स्पीकर' म्हणताना अशी स्वच्छ शिट्टी वाजली की टेबलाखालून अण्णांचा हर्षभरित आवाज आला, "आला! आला आवाज! डावीकडून आला!"

"तो मी होतो," विमावाले म्हणाले.

टेबलाखाली खुडबुड झाली. मग अण्णा म्हणाले, "पिन गुलाबी भोकात आहे."

"हिरव्यात घाला. गुलाबी माइकचं असतं. तुमचा कंप्युटर इतका वेळ स्पीकरचं बोलणं ऐकायची वाट बघत बसलाय, आणि स्पीकर त्याच्या बोलण्याची. नवराबायकोसारखं."

हे खरंच होतं. अण्णांनी पिन हिरव्या भोकात घातली, बाहेर आले, अंगावरची धूळ झटकली आणि ऐटीत बासरी सुरू केली. रेघ सरकू लागली. स्पीकर ढिम्म.

आत झीऽऽं थांबलं आणि काहीतरी कर्रर्र वाजलं. क्रेनवाल्याने डोळे मिटले.

"आता सिस्टिमच्या सेटिंगमध्ये दोष असणार," विमावाल्यांनी लागोपाठ शिट्ट्या मारल्या. खरं म्हणजे गुलाबी-हिरव्यापलीकडे त्यांनाही काही ठाऊक नव्हतं; पण एकदा बरोबर ठरलेला माणूस थांबतो कुठे? "बासरीच बिघडली असेल. दुसरं काही लावून बघा."

अण्णांनी बातम्या लावल्या. निवेदिका तोंड हलवू लागली, शब्द नाही. तिला तशीच हलत ठेवून त्यांनी व्यायामाचा एक धडा लावला. त्यात एक बाई हात वर-खाली करत होती. मग रेल्वेच्या इंजिनाचा भोंगा शोधून लावला, कारण विमावाल्यांच्या मते नाजूक आवाज नव्या स्पीकरला कळत नाहीत. "स्पीकर जुने आहेत, कंप्युटर नवा आहे," अण्णांनी त्यांना सुनावलं. "मग कंप्युटर लाजत असेल," विमावाले म्हणाले. प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर अण्णा पडद्यावरचा आवाज आणखी थोडा वर नेत होते. आधीचं काहीच बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. जे ऐकूच येत नाही ते बंद कशाला करायचं?

एवढ्यात दार उघडलं आणि लायब्ररीवाल्या बाई बाहेर आल्या. दाढ निघाली होती. दातांत कापूस घट्ट दाबलेला. मागून डॉक्टरांचा आवाज आला, "मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही. बाहेर बसा." मग डॉक्टरांनी क्रेनवाल्याला बोलावलं. तो आत गेला, म्हणजे अण्णांनी त्याला दंडाला धरून नेऊन सोडला.

बाई बाकावर बसल्या. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पडद्यावर बातम्यांची निवेदिका, हात हलवणारी बाई आणि इंजिन एकमेकांवर चढून बसले होते. बाईंच्या भुवया वर गेल्या. त्या म्हणाल्या, "म्म्म!"

"दुखतंय का?" अण्णांनी विचारलं.

बाईंनी जोरात मान हलवली. नाही. पडद्याकडे बोट केलं. "म्म्म. म्म!"

अण्णांनी पडदा पुसला.

वाचनालयात नवा कंप्युटर आला होता तेव्हा तिथेही हेच झालं होतं, आणि बाईंनी दोन दिवस डोकं खाऊन त्याचं मूळ शोधून काढलं होतं. सगळं उत्तर त्यांच्या जिभेच्या टोकावर होतं आणि जिभेच्या वर कापूस होता. त्यांनी हवेत लिहिण्याची खूण केली. अण्णांनी कागद-पेन दिलं. बाईंनी सुबक अक्षरात लिहिलं: आवाज पडद्याकडे जातोय.

अण्णांनी वाचलं. विमावाल्यांनी वाचलं. दोघांनी मिळून खिडकीकडे पाहिलं. खिडकीला जाड निळा पडदा होता आणि उजवा स्पीकर त्याच्या अगदी शेजारी.

"बरोबर!" विमावाले म्हणाले. "कापड आवाज पितं. सरळ गोष्ट आहे, सुचली नाही आपल्याला."

"म्म्म्म!" बाई म्हणाल्या, पण अण्णा स्टुलावर चढलेसुद्धा होते. पडदा निघाला, दांडीसकट निघाला, आणि विमावाल्यांच्या डोक्यावर आला. उजवा स्पीकर लख्ख उन्हात न्हाऊन निघाला आणि पूर्वीइतकाच गप्प राहिला.

आत निराळाच पेच होता. क्रेनवाल्याने भुलीचं इंजेक्शन कसंबसं टोचून घेतलं होतं. गाल बधिर झाला. पण बासरी नसल्यामुळे त्याला ताटलीतली प्रत्येक खणखण ऐकू येत होती, आणि चिमटा उचललेला ऐकताच त्याने तोंड मिटलं ते मिटलंच.

"तोंड उघडा बरं," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने मान हलवली.

"हे बघा, दात पूर्ण हलतोय. तुम्हाला काही कळणारसुद्धा नाही."

मान हलली.

"तुम्ही एवढं मोठं लोखंड उचलता..."

"म्म्म," क्रेनवाला म्हणाला.

पार्टिशनच्या बाहेरून बाई "म्म्म" म्हणाल्या. आतून आणि बाहेरून दोन्हीकडून तोच सूर. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि हाक मारली, "अण्णा, काहीतरी लावा हो!"

"लावतोय!" अण्णा ओरडले. "अगं, सकाळपासून तेच तर करतोय मी!"

दवाखान्यात 'अगं' पहिल्यांदाच उमटलं. ते अण्णांना स्वतःलाही ऐकू आलं आणि ते एकदम गळाल्यासारखे खुर्चीत बसले. बायको गेल्यापासून घरात त्यांचं असं काही खातं उरलं नव्हतं. भाजी कोणती, पाहुणे कधी, सगळं त्यांना विचारून व्हायचं, पण ते विचारणं केवळ मान राखायला. या खोलीतली बासरी तेवढी त्यांची होती. ती नसली तर त्यांच्या जागी टेबलावर एखादी घंटी ठेवली तरी चाललं असतं.

लायब्ररीवाल्या बाईंनी त्यांचा चेहरा पाहिला. टेबलापाशी आडवी फळी होती आणि तिच्यावर 'आत येऊ नये' असं अण्णांच्याच हातचं लिहिलेलं होतं. जन्मभर अशाच पाट्या लावणाऱ्या बाईंनी इतका वेळ ती पाटी पाळली होती. आता त्यांनी फळी उचलली, आत शिरल्या आणि अण्णांना खांद्याला धरून खुर्चीसकट बाजूला सरकवलं. माउस हातात घेतला. कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चित्रावर नेला. एक यादी उघडली. तिच्यात वर मॉनिटरचं नाव होतं आणि त्याच्यासमोर बरोबरची खूण.

तेव्हा कुठे अण्णांच्या डोक्यात प्रकाश पडला. पडदा म्हणजे हा पडदा! कंप्युटर सकाळपासून बोलत होता, अगदी खच्चून बोलत होता, पण समोरच्या मॉनिटरशी, आणि त्या मॉनिटरला मुळात तोंडच नव्हतं. "म्हणजे पाणी सोडलंय, पण दुसऱ्याच पाइपात!" अण्णा म्हणाले. बाईंनी आनंदाने मान डोलावली आणि खालच्या नावावर माउस नेला.

त्याच वेळी विमावाले डोक्यावरचा पडदा काढत म्हणाले, "आवाज किती ठेवलाय ते आधी बघा." या दिवसभरातला तो सर्वात शहाणा सल्ला होता. पण त्यात एकही 'स' नसल्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही.

बाईंनी क्लिक केलं.

आधी इंजिनाचा भोंगा आला. तो दवाखान्यात मावण्याजोगा नव्हता. त्याच्या पाठोपाठ वादळासारखी बासरी, तिच्यातून निवेदिकेची गर्जना, आणि सगळ्यांच्या वर व्यायामाच्या बाईंचा प्रचंड, प्रेमळ आवाज, "खोऽल श्वास घ्या!" खिडकीची तावदानं थरथरली. अण्णांचा चष्मा नाकावरून घसरला. विमावाले पुन्हा पडद्यात शिरले. बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. कापूस मात्र सोडला नाही.

आत क्रेनवाल्याचं तोंड उघडलं. एरवीच्या पेशंटचं उघडतं तसं नव्हे. गोदामाचं दार उघडावं तसं. "आऽऽई गंऽऽ!"

डॉक्टरही दचकल्या होत्याच. पण त्यांच्या हाताला स्वतःचं शहाणपण होतं. उघडलेलं तोंड दिसलं, हात आत गेला, बाहेर आला. चिमट्यात दात होता.

बाहेर बाईंनी झटकन आवाज खाली आणला. खोलीत झऱ्याचं पाणी खळखळू लागलं.

"काय झालं?" क्रेनवाल्याने घाबरत विचारलं. "स्फोट झाला का?"

"बासरी लागली," डॉक्टर म्हणाल्या.

"अस्सं." त्याने सुटकेचा श्वास सोडला आणि पुन्हा मान मागे टेकली. "मग आता काढा. आता हरकत नाही."

डॉक्टरांनी त्याला ताटलीतला दात दाखवला. त्याने तो बोटाने हलवून पाहिला. मग म्हणाला, "हा माझा?"

बंदरावर ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी क्रेनवाल्याचे दोन सहकारी गाल धरून आले आणि अण्णांना हळूच म्हणाले, "आम्हाला तो भोंग्याचा दात पाहिजे." अण्णांनी त्यांना गंभीरपणे सांगितलं की भोंगा फक्त अवघड केसला देतात.

पण भोंगा वाजला त्याच दिवशी संध्याकाळी, शेवटचा पेशंट गेल्यावर, एक वेगळीच गोष्ट झाली. अण्णा पडदा परत दांडीत ओवत होते. बासरी चालू होती. डॉक्टर हात पुसत बाहेर आल्या आणि दारात थांबल्या.

"अण्णा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार की."

"आज सकाळी ती नव्हती ना, बासरी... पेशंट घाबरले, ते खरं. पण मला इतकं बरं वाटलं. इतकी वर्षं तीच ऐकतेय हो. ते पाणी खळखळलं की मला आपोआप ड्रिल उचलावंसं वाटतं. परवा आपल्या नळाला पाणी आलं तर माझा हात वर गेला."

अण्णांनी दांडी खाली ठेवली. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतक्या हौसेने लावता!"

"मी?" अण्णा म्हणाले. "अगं, मला पहिल्या महिन्यातच कंटाळा आला होता. तू एकदा म्हणालीस, छान आहे. म्हणून लावत राहिलो. घरी गेल्यावर कानात कापूस घालून झोपतो मी!"

 मग डॉक्टर आधी हसल्या. त्या हसत हसत बाकावर बसल्या, आणि अण्णाही पडद्याचं टोक हातात घेऊन हसत शेजारी बसले. हसू आवरल्यावर अण्णांनी उठून बासरी बंद केली. खोली इतकी शांत झाली की रस्त्यावरच्या सायकलची साखळी ऐकू आली.

"पण उद्या काय लावायचं?" डॉक्टर म्हणाल्या. "मशीन तर चालणारच."

उत्तर लायब्ररीवाल्या बाईंकडून आलं. टाके दाखवायला आल्या तेव्हा त्यांचं तोंड मोकळं झालं होतं आणि साठलेलं सगळं त्यांनी आधी बोलून घेतलं. पडदा या शब्दावरच त्या बराच वेळ बोलल्या. मग पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला. वाचनालयात अंधांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड केल्या होत्या. काही त्यांनी स्वतः वाचल्या होत्या. "हे लावून बघा," त्या म्हणाल्या, "पण आवाज बेताचा."

अण्णांनी एक लांबलचक गोष्ट लावली. एका जहाजावरचा स्वयंपाकी नाहीसा होतो आणि जहाजाच्या तळघराला कुलूप असतं, अशी काहीतरी होती. पहिल्या दिवशी बाकावरचे लोक हळूहळू बोलायचे थांबले. दुसऱ्या दिवशी नंबर आला तरी एकजण उठेना. "थांबा हो, स्वयंपाकी सापडतोय." तिसऱ्या दिवशी क्रेनवाला आला. त्याच्या तोंडात सगळं ठीक होतं; डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं. तरी तो बाहेर येऊन पुन्हा बाकावर बसला.

"आता काय दुखतंय?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही. तळघर उघडेपर्यंत बसतो."

आणि आत खुर्चीत विमावाले होते. नवी टोपी बसवण्यासाठी त्यांनी तोंड मोठं उघडलेलं, तोंडात डॉक्टरांचा आरसा आणि कापसाच्या गुंडाळ्या. गोष्टीत तळघराचं कुलूप खडखडलं, तेवढ्यात रस्त्यावरून ट्रक गेला आणि पुढचं वाक्य बुडालं.

"आऽऽ आऽऽ!" आतून विमावाले ओरडले.

"दुखलं का?" डॉक्टरांनी घाबरून विचारलं.

"नाही, नाही," अण्णा बाहेरून म्हणाले. आता त्यांना अशी भाषा कळू लागली होती. "ते म्हणतायत, जरा मागे घ्या." आणि त्यांनी रेघ थोडी मागे सरकवली.